‘ती.’ कापली गेली त्याची हकीकत

रांजणगाव शेणपुंजी, वाळूज,
छत्रपती संभाजीनगर
वैशाख महिना, बुधवार

ती. स्व. आवडाक्कास धाकट्या दगडाचा शिरसाष्टांग नमस्कार. (अमृता, सासूबाईला वाचून दाखवताना ‘ती.’ ठसठशीत म्हण. ‘स्व.’च्या आधी ‘ती.’ आहे, ती खाऊ नको. का ते पुढं येईल.)

पत्र लिहिण्यास कारण की, मी जिवंत आहे. इकडील सर्व खुशाल आहे, माझ्यासकट. तुझा गुडघा कसा आहे? खंडेराव दाजींना अजून चहात दोन चमचे साखर लागती का डॉक्टरनं बंद केली? गावात टँकरचं पाणी पुरतं का? इथं नळ आठ दिवसांनी येतो, दर गुरुवारी, सकाळी साडेनवाला. त्या दिवशी गल्लीत कोणी कोणाशी बोलत नाही, पण पाणी भरून झालं की सगळे पुन्हा माणसात येतात. आपल्या दोघींचं बोलणं बंद होऊन चोवीस वर्षं झाली. हे माझं पहिलंच पत्र, म्हणून कुठून सुरू करावं ते कळेना. तर प्रांजलीच्या स्थळापासून करते.

प्रांजली म्हणजे माझ्या अजिनाथची पोर. तू तिला पाळण्यातसुद्धा पाहिली नाहीस म्हणून सांगते, नाक थेट आपल्या आईचं आहे. वय एकवीस. ती लग्नाचे, बारशाचे, जागरण-गोंधळाचे फोटू काढते, आणि काढून झालेले फोटू एकामागं एक हलते करून, खाली वाजंत्री लावून, पिक्चरसारखं करते. त्याला स्लाइडशो म्हणतात. यंदा गावाकडची लग्नं दुष्काळानं पुढं गेली, पण इकडं जिथं आपली मेंढरं उन्हाळ्यात चरायला यायची तिथं सहा-सहा मजले उभे आहेत, आणि सहाही मजल्यांवर लग्नाची पोरं-पोरी आहेत. ती मंडळी फोटूवाला गल्लीत शोधत नाहीत, मोबाइलात शोधतात. म्हणून प्रांजलीला मोबाइलात एक जागा पाहिजे होती, जिथं तिचे फोटू आणि स्लाइडशो मांडून ठेवता येतील. ह्याला सगळे वेबसाइट म्हणतात, पण प्रांजलीनं बायांच्या उद्योगाचं शिबिर केलेलं, तिथल्या कागदावर ‘संकेतस्थळ’ असं छापलेलं, आणि ही पोर नवीन शिकलेला शब्द महिनाभर वापरते. एक दिवस ती अजिनाथला म्हणाली की पप्पा, मी तीन संकेतस्थळं बघून ठेवलीत, त्यातलं एक आठवड्यात नक्की करायचंय. मी भाकरी थापत होते. तव्याच्या आवाजात मला ‘तीन स्थळं’ एवढंच ऐकू आलं.

मला लई आनंद झाला. मी शेजारच्या भागूबाईला सांगितलं, आणि भागूबाईला सांगितलेलं आणखी कोणाला सांगावं लागत नाही. संध्याकाळी ती पोह्याची परात घेऊन दारात उभी, आणि विचारायली की पाहुणे कुठवर आले. प्रांजलीनं तिला बसवून सगळं समजावून सांगितलं. भागूबाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पोहे परत घेऊन गेली. पण अक्का, मी म्हणते माझं चुकलं कुठं? पाहणी तीच, चौकशी तीच. म्हणून मी पण बसले प्रांजलीशेजारी, आणि तिन्ही स्थळं पाहिली.

पहिलं फुकटातलं होतं. काही देणं नाही घेणं नाही, आजच्या आज या म्हणणारं. मला तिथंच शंका आली. प्रांजलीनं त्याच्यावर वाळूजच्या एका लग्नाचा स्लाइडशो टाकून पाहिला. नवरी लाजत लाजत पुढं आली, हार उचलला, आणि नवरदेवाच्या गळ्यात पडायच्या आत मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात लागली. ती संपल्यावर हार पडला. आम्ही तीनदा लावून पाहिलं, तीनदा तेच. म्हणलं हे नको, ह्यांच्या घरात बाहेरच्या माणसांचा लई वावर आहे. दुसरं परदेशातलं, दिसायला गोरं आणि टापटिपीचं. पण त्याला मराठीची सवय नव्हती, प्रांजलीच्या नावातला ‘प्र’ फोडून पाय मोडल्यासारखा वेगळा ठेवायचं. शिवाय व्हिडिओ त्याच्या घरात मावत नव्हता, तो दुसरीकडं ठेवायचा आणि दरवेळी तिथून आणायचा. मी म्हणलं, बाई, घर चांगलं आहे पण पाणी शेजारच्या आडावरून आणावं लागणार, तू जन्मभर तेच करशील. तिसरं मात्र भरलं घर होतं. फोटू मावत होते, व्हिडिओ आपला आपण चालत होता, मराठी नीट येत होती. वर्षाला पैसे घेणार, पण आधी चौदा दिवस फुकट राहून बघा म्हणत होतं. (असं आपल्या वेळी असतं तर अक्का, तू दाजींकडं किती दिवस राहिली असतीस? अमृता, हे मोठ्यानं वाच, दाजी असले तरी वाच.)

आता ते राहून बघायचं तर फोटू पाहिजेत, आणि गिऱ्हाइकाचे फोटू न विचारता टाकता येत नाहीत. म्हणून प्रांजलीनं घरचेच घेतले. अकरा चौकटी होत्या, पहिल्या चौकटीत मला बसवलं. चौकटी मांडायची नक्षी तयारच मिळते, तिनं कडेला फुलांची वेल असलेली निवडली, मागं बासरी लावली, आणि वर नाव दिलं ‘आठवणी’. माझ्या फोटूखाली तिनं नुसतं ‘दगडाबाई’ लिहिलं होतं. ते मला आवडलं नाही. मी साक्षरता वर्गात पत्र लिहायला शिकलेली आहे. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं की वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी ‘ती. स्व.’ घालायचं, म्हणजे तीर्थस्वरूप. मी प्रांजलीला म्हणलं, आजी आहे मी तुझी, रीतीनं लिही. तिनं रीतीनं लिहिलं, ‘ती. स्व. दगडाबाई सूर्यभान’. कॉम्प्युटरवर झकास दिसलं. मग तिनं ते आपल्या पाहुण्यांच्या ग्रुपवर पाठवलं, सगळ्यांनी बघा म्हणून, आणि अजिंठ्याकडं एका हळदीचे फोटू काढायला गेली. हळदीत फोन बंद ठेवते ती.

तर झालं असं, की मोबाइल असतो अरुंद. त्या नक्षीला कडेचा मजकूर मावला नाही की ती तो कापती, कोणाला न विचारता. आमच्या पाहुण्यांच्या प्रत्येक मोबाइलात ‘ती.’ कापली गेली आणि ‘स्व. दगडाबाई’ राहिलं. नुसतं स्व. म्हणजे काय ते तुला माहीत आहे. त्यात फोटू त्या नक्षीनं आपल्या मनानं काळा-पांढरा केलेला, भोवती फुलं, मागं बासरी, वर ‘आठवणी’, आणि मी अशी हळूहळू पांढरी होत होत दिसेनाशी होते. प्रांजली म्हणाली तसं सगळ्यांचंच होतं, पुढचा फोटू यायला जागा लागते. पण पहिल्यांदा बघणाऱ्याला ते कसं कळावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीच्या तोंडाला टँकरच्या रांगेत होते. दोन हंडे भरून आले तर आमच्या दारात जीप उभी, आणि अंगणात बाया डोक्यावरून पदर घेऊन रडायला बसलेल्या. पाठमोऱ्या होत्या, मला ओळखू आल्या नाहीत. मला वाटलं भाडेकऱ्यांतलं कोणीतरी गेलं असणार, अंगण एकच आहे. कोण गेलं ते विचारणं बरं दिसेना, म्हणून हंडे भिंतीला लावले, पदर ओढला आणि मी पण बसून रडायला लागले. (रडणं मला येतंच, तुला माहीत आहे.) माझ्या शेजारची बाई नाव घेऊन रडत होती, दगडा गं, किती गोड बोलायचीस, कधी कोणाला वाकडा शब्द नाही. म्हणून मला वाटलं ही दुसरी कोणी दगडाबाई. चांगली बाई गेली म्हणून मी आवाज वाढवला. पुढं ती म्हणाली की तुझ्या पुतण्याला पोरका केलास, तेव्हा मी पदरातून बघितलं तर कडूबाची बायको. तिनं मला बघितलं. मग ती जे ओरडली त्यानं गल्लीतला टँकर अर्ध्यात सोडून ड्रायव्हर पळत आला.

सगळे माझ्याच नावानं आले होते, अक्का. कन्नडहून पहाटे निघालेले अकरा जण. जीपवाल्याला नव्या प्लॉटांत वाट सापडेना, म्हणून तासभर ‘दगडाबाईची मयत कुठं’ विचारत फिरले, तेव्हा अजिनाथच्या कंपनीतसुद्धा बातमी गेली आणि तो पाळी सोडून घरी आला. मला मात्र आतून असं गोड वाटत होतं की काय सांगू. आपल्यामागं कोण येईल हे माणसाला कधी बघायला मिळत नाही, मला बसून मोजायला मिळालं. रीतीप्रमाणं त्यांनी कडू घासाची भाकरी आणि पिठलं घरून आणलं होतं. भाकरी वाया कशाला घालवायची, म्हणून सगळ्यांबरोबर मी पण माझा कडू घास खाल्ला. पिठल्यात मीठ कमी होतं. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा सगळ्यांची खात्री पटली की मी खरोखर जिवंत आहे.

पण कडूबा भाकरी नुसती मोडत बसला होता. पुतण्या असला तरी मी त्याला विचारलं, बाबा, मी आहे ह्याचं तुला वाईट वाटलं का? तेव्हा त्यानं खरं सांगितलं. मयतीचा निरोप आला की भावकीनं आंघोळ करायची, आणि गावात तर टँकर नवव्या दिवशी येतो. तो म्हणाला, “काकू, सतरा घरांनी तुझ्या नावानं पिंपं रिकामी केली. आता पुन्हा मरायचं असलं तर पाऊस पडू दे.” मी व्हय म्हणलं. दुसरं काय म्हणणार?

प्रांजली संध्याकाळी आली. फोनात एकशे चाळीस जणांनी हात जोडलेले. ती लई रडली, म्हणाली धंदा सुरू व्हायच्या आधीच माणूस मारलं, ही साइट बंदच करते. मी तिला म्हणलं की स्थळ चांगलं आहे, नक्षी वाईट आहे, नक्षी बदल. तर तिनं बदलली. आता फुलं नाहीत, बासरीच्या जागी संबळ आहे, फोटू रंगीत आहे आणि मोबाइलात ‘ती.’ पूर्ण दिसती. भागूबाईच्या मोबाइलात, अजिनाथच्या मोबाइलात, टँकरवाल्याच्या मोबाइलात, सगळीकडं मी स्वतः तपासून आले. स्थळ पक्कं झालं म्हण. चौदा दिवसांतले नऊ गेले, येत्या सोमवारच्या आत साइट सगळ्या जगाला खुली करायची, नाही तर मांडलेलं सगळं पुसून जातं.

असो. इथं थांबते, कागद दुसऱ्या बाजूनं पण भरत आला. दाजींना नमस्कार, अमृताला आशीर्वाद. कमीजास्त लिहिलं असलं तर पोटात घाल.

तुझी, अजून असलेली,
दगडा

ता. क. अकरा चौकटींतल्या दहा भरल्या. अकरावी तुझी आहे. तुझा फोटू माझ्याकडं एकही नाही. अजिनाथच्या लग्नात तू नवरदेवाला ओवाळलंस तेव्हा त्या फोटूवाल्यानं झगकन उजेड पाडला होता, पण कॅमेऱ्यात रोल संपलेला होता आणि मेल्यानं ते सांगितलं नाही. चार फोटू स्वतःच्या मेव्हण्याचे काढले होते त्यानं. अल्बम आला तेव्हा तू तो दोनदा चाळलास, मिटून ठेवलास आणि पिशवी उचलून एसटी स्टँडवर गेलीस. मला त्याच दिवशी मागं यायला पाहिजे होतं. मी आचाऱ्याचा हिशेब बघत बसले. तर आता ज्या चौकटीत फोटू नसतो तिथं एक डोंगर आणि वर सूर्य असं चित्र आपोआप येतं. मला वाटलं कन्नडचा घाट आहे. प्रांजली म्हणाली घाट नाही, माणूस नसल्याची खूण आहे. ती म्हणती चौकट काढून टाकू, दहाच ठेवू. मी म्हणलं चौकट काढलीस तर मी पुन्हा मरेन, आणि ह्या वेळी नक्षी न लावता. तेव्हा साइट अडून बसली आहे, आणि तुझ्या नावाखाली सध्या एक डोंगर आहे. सोमवारच्या आत ये. प्रांजलीच्या कॅमेऱ्यात रोल नसतोच, त्यामुळं संपत पण नाही.

ता. क. दुसरा. (अमृता, हा मनातल्या मनात वाच, मोठ्यानं वाचू नको.) बाई, मी कडूबाला सतरा घरांची नावं विचारली. त्याला चौदाच आठवली आणि त्यांत तुमचं, एकाच भावकीतलं असून, नव्हतं. अकरा जणांत पण अक्का नव्हती. मला राग नाही. तेवढं एकच कळव, निरोप आला त्या दिवशी तुझ्या सासूनं माझ्या नावानं आंघोळ केली का नाही.

ता. क. तिसरा. पाकीट डकवलं होतं, ते पुन्हा फोडलं. कडूबा आत्ता पिठल्याचं पातेलं न्यायला आला, पत्र त्याच्याच हाती देते आहे. तो म्हणाला, निरोप आल्यावर आवडाकाकू कोणाशी न बोलता मोरीत गेली, दोन बादल्या डोक्यावरून घेतल्या, केस सोडून उंबऱ्यात बसली आणि दिवसभर जेवली नाही. जीपमध्ये पण बसणार होती, गुडघ्यानं पायरी चढवेना. संध्याकाळी खरं कळलं, तेव्हा म्हणे एकच वाक्य बोलली, “मेली असती तर पाणी तरी सार्थकी लागलं असतं.” आणि मग उठून जेवली.

अमृता, आता दुसरा ता. क. पण मोठ्यानं वाच.

अक्का, तुझ्या दोन बादल्या माझ्याकडं लागतात. गुरुवारी साडेनवाला नळ येतो. उद्याच गुरुवार आहे, कडूबा जीपच्या पायरीखाली पाट ठेवून तुला वर घेतो. येऊन माझ्या मोरीत आंघोळ कर, डोक्यावरून कर, आणि केस वाळल्यावर फोटूला बस.