ऑल्डरविकच्या घंटेचा मान

प्रिय हेस्टर,

तीन आठवडे झाले, माझा उजवा खांदा वर जात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिस्टर पिकर्सगिल, आता घंटा विसरा." मी म्हटलं, "बाई, स्वतःचं नाव विसरायला सांगा, ते एकवेळ जमेल." पण त्यांचं खरं आहे. बाजाराची घंटा आता दुसऱ्या हातात जाणार. कुणाच्या, ते मीच ठरवायचं आहे, आणि त्यावरून गावात नुसता कल्ला चालला आहे.

गेल्या गुरुवारी डाव्या हाताने शेवटची घंटा दिली. घंटा वाजवून बाजार उघडल्याची आरोळी ठोकायला लाल कोट घालून चौकातल्या दगडी क्रुसाच्या पायऱ्यांवर उभा होतो. नऊला चार मिनिटं कमी होती. चीजवाली डॉरकस माल झाकून उभी, तेवढ्यात बसमधून उतरलेल्या एका पाहुण्याने पैसे पुढे केले. ती खेकसली, "थांबा हो! साडेसातशे वर्षं लोक घंटेसाठी थांबलेत, तुमचाच जीव चाललाय का?" असं तोंड बाजारात असल्यावर घंटेआधी काही विकायचं नाही हा नियम मोडायची कुणाची टाप आहे! शेजारच्या हॅक्सबरीवाल्यांनी आपल्या बाजारापाशी भलंमोठं वाहनतळ बांधलं आणि त्याचाच तोरा मिरवतात. मिरवू देत. घंटा आपल्याकडे आहे.

घंटेनंतर पाहुण्यांना गाव दाखवलं. किल्ल्याच्या उरलेल्या दोन भिंती मी अशा दाखवतो की लोकांना चारही दिसतात. लोकरीच्या व्यापाऱ्यांची ती कललेली घरं, पुलाखालचं पुराच्या पाण्याचं निशाण, सगळं झालं की शेवटी पुन्हा क्रुसापाशी आणून मी माझं ठेवणीतलं वाक्य टाकतो, "तीनशे वर्षं ही घंटा पिकर्सगिल घराण्याच्या बापाकडून मुलाकडे गेली, एकदाही खंड नाही." माहितीपत्रकातही तेच छापलं आहे, मीच लिहून दिलेलं. या वाक्याला टाळ्या पडतात. गेल्या गुरुवारीही पडल्या, पण या वेळी मला त्या ऐकवेनात.

तू एकोणीस वर्षांची होतीस. न्याहारीला टोस्टवर लोणी लावता लावता सहज म्हणालीस, "बाबा, तुमच्यानंतर मी." मी हसलो. म्हटलं, "अगं, ही बाप-लेकांची रीत. माझ्या हातात का आहे ते?" तू वाद घातला नाहीस. सप्टेंबरात बॅग भरलीस आणि ब्रिस्टलला गेलीस. आता तिथे बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवरून खलाशांना हाका मारतेस, आणि म्हणे अर्धा धक्का वळून बघतो. तुझ्या आईने त्या दिवशीच मला सुनावलं होतं, "पोरीचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून टरकलास तू." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

हेस्टर, त्याच्या आदल्याच हिवाळ्यात मी चर्चच्या पेटीतली जुनी कागदपत्रं लावत होतो. त्यात एक नोंद सापडली. आपल्या घराण्यातल्या एका मानकऱ्याची वाचा गेली, तेव्हा त्याच्या टॅबिथा नावाच्या मुलीने अकरा वर्षं घंटा दिली. तिची आरोळी नदीपलीकडच्या गिरणीत ऐकू जाई, असंही लिहिलं होतं. माहितीपत्रक नुकतंच छापून आलं होतं. मी तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारला. तू विचारलंस तेव्हा तो मला चांगला आठवत होता. रीत आडवी आली नव्हती, पोरी. मी आडवा आलो. या गोष्टीची मला लाज वाटते, अठरा वर्षं वाटते आहे.

लंडनहून इथे राहायला आलेल्या फेदरस्टोन यांचा घंटेवर डोळा आहे; नाटकात काम केलेले, आवाज मधासारखा. रोज काहीतरी निमित्त काढून चहाला येतात आणि माझ्या लाल कोटाचं कौतुक करून जातात. माणूस वाईट नाही. बाजार चालवणाऱ्या समितीलाही ते पसंत आहेत. तू नाही म्हणालीस तर घंटा त्यांच्याकडे जाईल, आणि नाही म्हणायचा तुला पुरता हक्क आहे.

नियम तू विसरली नसशील. घंटेचा मान कुणी मागायचा नसतो. जुन्या मानकऱ्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं, ज्याला मान द्यायचा त्याला का देतो ते खरंखरं सांगायचं, आणि ते पत्र बाजारभवनाच्या दारावर आठ दिवस टांगायचं. मग टपालात टाकायचं. ते पत्र हेच. तुझ्या हाती पडेल तोवर डॉरकसने वाचलेलं असेल, फेदरस्टोननी वाचलेलं असेल, हॅक्सबरीचेही मुद्दाम येऊन वाचून जातील. वाचू देत. माझी लबाडी वाचतील, तसंच माझ्या लेकीचं नावही वाचतील. पुढची मानकरी : हेस्टर पिकर्सगिल. शाई जाड वापरली आहे, रस्त्यावरून दिसावं म्हणून.

तुझाच, आणि हे उघड्यावर सांगताना ताठ उभा असलेला,
बाबा