मोजायचा राहिलेला खुंट

माय,

आपल्या तळ्यात जहाज आलंय. खरं तर त्याला जहाज म्हणत नाहीत, गाळ उपसायचं तरंगतं यंत्र आहे ते. पण गावात सगळे जहाजच म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करायचं सोडून दिलं आहे. ते जालन्याच्या रस्त्याने ट्रेलरवर तुकड्यातुकड्यांनी आलं. लोखंडाचे मोठे पोकळ डबे पाण्यात सोडून बोल्टने एकमेकांना जोडले, वर इंजिन आणि काचेची केबिन बसवली, पुढे एक लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला दात असलेलं फिरतं डोकं. ते डोकं तळाला टेकवायचं, गाळ खरवडायचा आणि पाण्यासकट ओढून पाइपातून काठावरच्या हौदात सोडायचा. यंत्राच्या मागे दोन लोखंडी खांब असतात. एक तळात रोवायचा, त्याच्याभोवती अख्खं यंत्र डावीकडून उजवीकडे झुलवायचं, मग दुसरा रोवायचा आणि पहिला उपसून घ्यायचा. असं एकेक पाऊल टाकत ते पुढे सरकतं. चिखलातून माणूस चालतो तसंच.

माझं काम तळ मोजायचं. कुठे किती गाळ आहे, किती काढला, किती उरला. शिक्षण संपल्यापासून मी हेच करते आहे, बंदरांवर, खाड्यांच्या तोंडाशी. एका ठिकाणी फार दिवस राहत नाही. काम संपायच्या आधीच मला पुढच्या कामाचे वेध लागतात, आणि ते मला सोयीचंही वाटतं. हे तळं मी मागून घेतलेलं नाही. पुढच्या कामांच्या यादीत त्याचं नाव आलं, मी नाही म्हटलं नाही, एवढंच. बदनापूरला खोली घेतली आहे. बाबा जालन्यात असतात; त्यांना बदनापूरला काम आहे असं सांगितलं, तळ्याचं नाव सांगितलं नाही. हे लिहितानाही दोनदा उठून दाराशी जाऊन आले. दाराशी काही नव्हतं.

तुझ्या वेळी तळं कोरडं पडलं होतं. आता पडत नाही, बदनापूरच्या बाजूच्या गावांना पाणी इथूनच जातं, म्हणून पाणी तसंच ठेवून गाळ काढायला यंत्र आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात मात्र तळाला हात हात रुंद भेगा होत्या आणि रोजगार हमीवर आपली अर्धी वस्ती तिथे खणत होती. शाळेला सुट्टी, घरी मला कोणाजवळ ठेवणार, म्हणून तू मला बरोबर नेत असायचीस. बाभळीच्या सावलीला बसवायचीस आणि बजावायचीस, इथून हलायचं न्हाई. मी हलायचे. एकदा ओल्या गाळाचे गोळे करून मी त्यांची रांग लावली होती. तू हातातली कुदळ खाली न ठेवताच ओरडलीस, "हात धू आधी! तुझे हात ह्याला लागायचे न्हाईत, सांगून ठिवते." प्यायचं पाणी जपून वापरायचे दिवस होते ते. तरी त्यातलं ओंजळभर माझ्या हातांवर ओतलंस आणि नखं तुझ्या पदराने पुसलीस. मी आता दिवसभर तोच गाळ बाटल्यांत भरून त्याचा चिकटपणा तपासते. हातमोजे घालते. तेवढं तुझं ऐकलं असं समज.

खणताना मधेमधे मातीचे खुंट सोडायचे, हे मला तिथेच कळलं. भोवतालची माती जायची आणि खुंट उभा राहायचा, मूळच्या जमिनीइतका उंच. मोजणीचा साहेब टेप घेऊन यायचा, खुंटाची उंची मोजायचा, म्हणजे किती खोल खणलं ते ठरायचं. मोजून झालं की खुंट पाडायचा. मोजायच्या आधी कोणी पाडला तर, एक खणणारी आणि एक वाहणारी, त्या जोडीचं काम गेलं. आणि तुम्हा बायकांची एक युक्ती होती. तळ्याच्या कडेची हरळी मुळांसकट, ढेकळासकट काढून आणायची आणि खुंटाच्या डोक्यावर बसवायची, म्हणजे खुंट वीतभर वाढायचा आणि वर गवत दिसल्यावर जमीन मूळचीच वाटायची. इतर बायका ढेकूळ नुसतं ठेवायच्या, ते उन्हाने दुपारपर्यंत पिवळं पडायचं आणि साहेब हसून पायाने उडवायचा. तू मात्र सांधा बोटाने लिंपायचीस, आणि साहेब येईपर्यंत तुझ्या बाटलीतलं घोटभर पाणी त्या हरळीला घालायचीस. तुझ्या ओठांना भेगा पडलेल्या. मी विचारलं होतं, "माय, हे खोटं न्हाई का?" तू हरळी सरळ करत म्हणालीस, "मोजनारा वरून मोजतो, आमी खालून खणतो. मधी जे हाय ते आमचं."

त्याच उन्हाळ्यात मी भोवरा मागितला होता. तू जुन्या जालन्यात कशाला तरी गेल्तीस, येताना भंगारवाल्याकडून पितळेचा एक आणलास. जड, गुळगुळीत, खाली टोक. मी दोरी गुंडाळून फेकला तर तो धप्पकन पडला आणि पडूनच राहिला. तू म्हणालीस, "फिरव की जरा जोरात, हाताला दम न्हाई का?" तो भोवरा नव्हताच, गवंड्याचा ओळंबा होता. तुझं सगळं आयुष्य मातीत गेलं, भिंतीच्या कामावर तू कधी गेली नव्हतीस, तुला काय माहीत. मी तो दोरीला बांधून दाराच्या चौकटीत लटकावला आणि आपलं दार तिरपं आहे, असं तुला सांगितलं. तू दाराकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "तिरपं तं तिरपं. उघडतंय ना?" तो ओळंबा अजून माझ्याकडे आहे. सगळ्या बंदरांवर माझ्याबरोबर होता. सहकाऱ्यांना मी सांगते की यंत्राची मोजणी पडताळायला लागतो. ते खोटं नाही.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही खणलेल्या पट्ट्याची मोजणी झालीच नाही. साहेब यायच्या आधी वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि नाल्याचं पाणी तळ्यात शिरलं. खुंट पाण्यात गेले. तुला त्याचंच लागून राह्यलं होतं. चुलीपुढे बसून तू भाकरी थापता थापता थांबायचीस आणि म्हणायचीस, "मोजायचं राह्यलं." पावसाळा सरता सरता तुला ताप आला आणि त्यातून तू उठली नाहीस. विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला बायका जमल्या, तेव्हाही कोणीतरी तेच बोललं, की तिचं शेवटचं काम मोजायचं राह्यलं. मी सातवीत होते. मला ते वाक्य आवडलं नव्हतं. अजून आवडत नाही.

आता ऐक. आल्यावर पहिलं काम म्हणून मी लहान बोटीतून सगळं तळं मोजलं. माझं यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून दोन रेषा काढतं. एक गाळाच्या वरची, दुसरी गाळाखालच्या कडक तळाची. वरची रेषा सपाट होती. नाल्याच्या तोंडाजवळ खालच्या रेषेवर उंचवटे आले. एक, मग थोड्या अंतराने दुसरा, मग तिसरा. खडक असा सारख्या अंतराने नसतो. बोट चालवणाऱ्याने विचारलं, "मॅडम, मशीन बिघडलं का?" मी म्हटलं, "नाही. पुन्हा त्याच ओळीने घ्या." आम्ही पुन्हा गेलो. उंचवटे तिथेच होते. मला बोटीत उभं राहायचं होतं, पण एवढ्या लहान बोटीत उभं राहता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तुझी जोडीण काठावर आली. तू खणायचीस आणि ती वाहायची, ती मावशी. आता शेळ्या राखते. जहाज बघायला रोज कोणी ना कोणी येतंच, हौदात पडणारा गाळ बघून नाकं मुरडतं. मावशी हौदाच्या कडेला उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "आगं बया, ह्यो गाळ हाय का ताक? वावरात टाकायचं का भाकरीसंगं खायचं?" मी सांगितलं, पाणी निथरलं की खाली गाळच उरतो, वाळायला वेळ लागतो. तिने माझ्या शिरस्त्राणाकडे आणि बुटांकडे बघितलं. मग तोंडाकडे.

"तू तिचीच ना गं? नाक तिचंच हाय."

"हो, मावशी."

"अन् तू काय करून राह्यली ह्या जहाजावर? भाकऱ्या?"

"तळ मोजते."

ती इतकी हसली की शेळ्या बिचकल्या. "मोजनारा साहेब झालीस व्हय! तुझ्या मायनं आयकलं असतं तं..." आणि मग हसता हसता थांबून तिने काठीने पाण्याकडे, अगदी नाल्याच्या तोंडाकडे दाखवलं. "आमचे खुंट हाईत तिथं. मोजलेच न्हाईत कोनी. ढोरावानी खणल्तं आमी."

"माहीत आहे. दिसले मला."

"मंग मोज की. तुझं कामच हाय ते."

तो पट्टा उपसायच्या जागेतच येत होता. फिरत्या डोक्याला ते खुंट अडले नसते; थोडं कडक लागलं असतं, इतकंच. मला फक्त गप्प राहायचं होतं आणि ते मला चांगलं जमतं. त्याऐवजी मी ऑपरेटरला म्हटलं की तिथे दोन थरांत घेऊ, आधी वरचा मऊ गाळ, कडक भाग नंतर. ऑपरेटर कोकणातला आहे, उभा जन्म समुद्रावर गेलेला. इथे आल्यापासून त्याची एकच तक्रार आहे: "भरती नाही, ओहोटी नाही, ताजी मासळी नाही. कुठे आणून टाकलंत हो मॅडम!" त्याने कारण विचारलं नाही. फक्त म्हणाला, "दोन थर तर दोन थर. तळ तुमचा."

मऊ गाळ निघाल्यावर मी बोट घेऊन गेले. यंत्रावर भागलं असतं. मी दोरीला ओळंबा बांधला आणि सोडला. आधी खुंटाच्या डोक्यावर, मग शेजारच्या तळावर. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं काम. ओळंबा टेकला की दोरी हातात सैल होते. पाण्याखाली काही दिसत नाही, पण सैल झालेली दोरी हाताला कळते. तुम्ही खोल खणलं होतं, माय. साहेबाने आधीच्या आठवड्यांत जेवढं धरलं होतं, मला आठवतं, त्याहून कितीतरी खोल. मी एकेक खुंट मोजत गेले. वारा होता, बोट सारखी वळत होती, आणि मी बोट चालवणाऱ्यावर विनाकारण खेकसले.

संध्याकाळी मावशीला आकडा सांगितला. तिला आकडा कळला नाही, म्हणून मी हात छातीशी धरून उंची दाखवली. "बराबर!" ती म्हणाली. "मी म्हनतच व्हते." मग डोळे बारीक करून, "तुझ्या मायनं वर हरळी लावल्ती. ती धरली का?"

"मावशी, ती कुठे राहिली असेल आता?"

"राह्यली नसली तरी धर. पानी पाजून जगवल्ती तिनं. ती बी मेहनतच."

मोजून झालं की खुंट पाडायचा असतो. ती पद्धत तुझीच. परवा सकाळी मी केबिनमध्ये ऑपरेटरच्या मागे उभी राहिले. यंत्र डावीकडून उजवीकडे झुलत होतं. समोरच्या काट्यावर जोर कळतो. मऊ गाळात काटा खाली असतो, कडक लागलं की वर चढतो. पहिल्या खुंटाला काटा चढला, थरथरला आणि उतरला. दुसऱ्याला तसाच. "काय आहे हे, मॅडम?" "जुनं काम आहे," मी म्हटलं, "चालू द्या." प्रत्येक खुंट थोडा वेळ अडवत होता आणि मग हौदाच्या पाइपातून पिवळट मुरूम येत होता, ताकात हळद पडावी तसा. मी काट्याकडेच बघत होते. माझा चेहरा काचेत दिसत होता, तो मला ओळखीचा वाटला नाही. मग पट्ट्याच्या टोकाचा शेवटचा खुंट आला. मी म्हटलं, "इथे थांबवा. वळवून घ्या." ऑपरेटरने मागे बघितलं. "हा ठेवायचा?" "याची मोजणी बाकी आहे." त्याने खांब उपसला आणि यंत्र बाजूने काढलं.

नकाशावर त्या जागी मी गोल करून तेच लिहिलं आहे, मोजणी बाकी. ते खरं आहे. बोट घेऊन गेले तेव्हा बाकीच्या सगळ्यांवर ओळंबा सोडला, त्याच्याजवळ पोचल्यावर दोरी गुंडाळून ठेवली. असं मी कामात कधी केलेलं नाही. नकाशा कार्यालयात गेला की विचारतील. यंत्र आता तळ्याच्या बांधाकडे सरकलं आहे. माझं इथलं काम या महिन्यात संपतंय, पुढचं बंदर ठरलं आहे, आणि पहिल्यांदाच मला तिकडची घाई नाही. तरी स्वस्थही बसवत नाही.

हे कागद ओळंब्याच्या पिशवीत राहतील. त्या खुंटाबद्दल एवढंच सांगायचं होतं. कोणता खुंट कोणत्या जोडीचा, ते मावशीलाही सांगता येत नाही. वर बसवलेलं ढेकूळ पहिल्याच पाण्यात विरघळतं, हे मला कोणी शिकवायला नको. तो खुंट तुझा असल्याचा कोणताही पुरावा माझ्याजवळ नाही. यंत्राच्या रेषेवर तो बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच दिसला, म्हणून मी तुझा धरला.