बाबांचं अर्धं वाक्य

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलंय. घरी सगळे बरे आहेत. बाबांचा खोकला गेला. तुझा मेसेज मिळाला: ‘माध्यम अभ्यासाची सराव परीक्षा आली ना? काही अडलं तर विचार, माझं रोजचंच काम आहे.’ उत्तर फोनवर देत नाही, कारण फोनवर तू आवाज मऊ करतेस आणि मला काय बोलायचं होतं तेच मी विसरते.

जाहिराती झाल्या. वर्तमानपत्राचं पहिलं पान झालं. प्रेक्षकवर्गाचा धडा तर झोपेतही म्हणून दाखवेन. बातमीचं संकलन तेवढं राहिलं होतं. मंगळवारी त्यासाठी मॅडमनी वर्गात एक जुनी बातमी दाखवली. तुमच्या चॅनेलची.

बंद पडलेली लिफ्ट, स्ट्रेचरवरची बाई, आणि मग आपल्या जिन्यात उभे असलेले बाबा. खाली पट्टी, ‘लिफ्ट मेकॅनिक’. बातमीदार विचारतो, “तुमच्या हातून चूक झाली का?” बाबा गप्प, मान खाली. लगेच त्या बाईची रडणारी मुलगी.

ते माझे बाबा आहेत हे वर्गात कुणाला माहीत नाही. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “तोंडच सांगतंय, यानेच घोळ घातलाय.” मॅडम म्हणाल्या, “बघा, माणूस काहीही न बोलता दोषी ठरला. ही संकलनाची ताकद.” सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीही घेतलं, परीक्षेत येईल म्हणून.

ती मुलाखत घेतली त्या दिवशी मी दारातच उभी होते. बाबा गप्प बसले ते विचार करायला. चहात साखर किती घालू विचारलं तरी ते आधी विचार करतात. नंतर ते स्वच्छ बोलले होते, “चूक माझी नाही. ब्रेक झिजलाय, बदला, असं मी मालकांना दोनदा कळवलं होतं.” ते तू कापलंस. दुसऱ्या कुणी कापलं असतं तर मी म्हटलं असतं, परक्याला काय कळणार. त्यांचं ते गप्प बसणं तुला कळत नव्हतं?

बातमी लागली तेव्हा मी तुला विचारलं, तर तू म्हणालीस, “वेळ नव्हता गं, छोटी बातमी होती. मी केली नसती तर दुसऱ्याने याहून वाईट केली असती. आणि बाबांना सांगू नकोस.”

मी सांगितलं नाही. पुढे चौकशीत मालकाची चूक निघाली, पण तोवर बाबांची नोकरी गेली होती. चौकशीची बातमी दाखवायला तुमच्याकडे वेळ नव्हताच. आता ते शेजाऱ्यांचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. आणि बरे आहेत असं वर लिहिलं ते सवयीने. बाजारात कुणी टक लावून पाहिलं तर ते पिशवी अर्धी भरलेली घेऊन परत येतात. तू रविवारी येतेस तेव्हा दाढी करून बसतात, म्हणून तुला दिसत नाही.

काल ते माझी उजळणी घेत होते. नोट्स हातात धरून एकेक प्रश्न विचारत होते. एका प्रश्नाशी थांबले आणि सावकाश वाचला, “मुलाखत देणाऱ्याच्या मौनाचा संकलनात कसा उपयोग होतो, उदाहरणासह लिहा.”

मी एका साबणाच्या जाहिरातीचं काहीतरी सांगायला लागले.

“ते कशाला? मौन विचारलंय,” बाबा म्हणाले. “आपलंच उदाहरण घे की. मार्क मिळतील.”

मी पेनाचं टोपण काढून परत लावलं. मग तेच म्हणाले, “आणि खाली संकलकही लिही. तुझी ताई.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला लागतं? बातमी पाहिली त्या दिवशीच ओळखलं. माझं वाक्य संपायच्या आधी उठून जायची तिला लहानपणापासून सवय.” आणि हसले. मला हसू आलं नाही.

तेव्हा ऐक. तू एवढे रविवार पेढ्यासारखं गोड तोंड करून आलीस, सोफ्यावर बसून चॅनेलच्या गमती सांगितल्यास, आणि त्यांनी स्वतः उठून तुला चहा करून दिला, त्यांना सगळं माहीत असताना. मी विचारलं, कसं जमतं? तर म्हणाले, “मुलगी आहे.” तेवढंच. त्यांना जमतं. मला जमत नाही आणि जमवायचंही नाही.

सोमवारी परीक्षेत तो प्रश्न आला तर मी उदाहरण आपलंच लिहिणार आहे, त्यांचं पूर्ण वाक्य आणि तुझं नाव घालून. नातं लिहिणार नाही. मार्क कमी पडू देत.

तुझी मदत नको. माझ्याशी बोलायला येऊ नकोस. बाबांकडे यायचं तर ये, दार ते उघडतील.

तुझी नाही,
बाबांची धाकटी