तुंबुकातली एक ओळ

प्रिय म्विझा,

सुकी मासळी पोचली. वहिनीला सांग, मीठ घालताना हात फारच आखडला, पण इथल्या ब्लँटायरच्या बाजारातल्यापेक्षा शतपटीनं बरी. माझे गुडघे नेहमीसारखेच कुरकुरतात.

मागच्या महिन्यात तुमच्या औषधशास्त्राच्या वर्गाची नैतिक जाणीव मोजली, ते काम माझ्याच गळ्यात पडलं होतं. जाणीव काय मक्याचं पीठ आहे, मापानं मोजायला? पण वरून हुकूम आला आणि मी प्रश्न काढले. कागदावर नाव घालू नका, असंही मीच बजावलं. इस्पितळाच्या कोठारातली हिवतापाची औषधं कुणी मागच्या दारानं विकताना दिसलं, तर काय कराल? सगळ्यांनी 'तक्रार करीन' यावर खूण केली, सगळे धुतल्या तांदळासारखे. एकाच कागदावर 'गप्प बसेन' होतं आणि खाली आपल्या तुंबुका भाषेत एक ओळ: मी पाहिलं, गप्प बसले.

विभागप्रमुख मसोसांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "तुमच्या उत्तरेकडची बोली ना ही, मॅडम? वाचा की जरा." मी मोठ्यानं वाचलं आणि वाचता वाचता तुझं अक्षर ओळखलं. पोरी, खरं बोलायची वेळ आली की माणसाला घरचीच भाषा सुचते, त्याला तू तरी काय करणार? मसोसा हसले. "वर्गात तुमच्याकडची एकच मुलगी. भाची ना तुमची? सुट्टीवरून कधी येतेय?" कोठार त्यांच्या मेव्हण्याच्या ताब्यात आहे, हे तुला माहीत असेलच. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याची पांढरी गाडी मुलींच्या वसतिगृहासमोर उभी होती. कालपासून ती माझ्या दारासमोर असते. आतला माणूस मला अदबीनं नमस्कार करतो. मला भीती वाटते, म्विझा.

कारण मसोसांना मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की ती ओळ माझी आहे, वर्गात वाटण्याआधी नमुना म्हणून एक कागद मीच भरला होता. "मग आधी का नाही बोललात?" म्हटलं, शरम वाटली. "बरं, सोमवारी या आणि काय पाहिलंत ते सांगा. मेव्हणेही असतील." तू इतक्यात परत येऊ नकोस. हे पत्र आणणारा ड्रायव्हर आपल्यातला आहे, त्याच्याच हाती उत्तर दे. कोण होतं, खोकी कुठल्या दारानं गेली, तू कुठं उभी होतीस, सगळं लिही. त्या कोठारात मी कधी पाऊलही ठेवलेलं नाही, आणि सोमवारी हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं असायला हवं.

तुझीच,
लुसुंगू आत्या