मवाळ ऊन

प्रिय बडबडे,

पत्र पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवरच सांगणार होते, पण प्रत्येक वेळी तुझी लेक तुझ्या हातून फोन हिसकावते आणि "आजी, मी झोपाळ्यावर बसणार ना? दिवसा?" एवढंच विचारते. मग माझ्या तोंडून हो शिवाय दुसरं काही निघतच नाही. म्हणून लिहायला बसले.

तिची खोली तयार आहे. खिडक्यांना जाड पडदे शिवलेत. एक वाकडा झालाय, हसायचं नाही. अंगणातला झोपाळा आमच्या फुगेवाल्याने टांगून दिला. फुगेवाला म्हणजे वेधशाळेत फुग्यात वायू भरणारा आमचा तो अवलिया. त्याने फुगवायचं, मी खाली ओझोन मोजणारं डबडं बांधायचं आणि दोघांनी मिळून आभाळात सोडायचं. आईला फुगे उडवायचा पगार मिळतो, असं तू शाळाभर सांगत फिरायचीस, आठवतं? तुझ्या लेकीला इकडे आण, हा हट्ट माझाच होता. उन्हाने भाजलेली कातडी इतरांची भरून येते, तिची येत नाही. डॉक्टरांनी तुमच्याकडच्या उन्हात पाऊल टाकायला बंदी केली, पण आमच्याकडचं, इतक्या उत्तरेचं, वसंतातलं कलतं ऊन थोडा वेळ चालेल म्हणाले. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांचं तोंड गोड केलं होतं.

मी पाठवलेला जांभळ्या संध्याकाळचा फोटो तू अजून फोनवर ठेवलायस ना? तो दूरचा ज्वालामुखी फुटल्यापासून इथे रोजच तसं आभाळ असतं. लोक गच्चीवर जाऊन बघतात. मी हल्ली त्या वेळी घरात येऊन बसते. मला भीती वाटते गं. आता थोडं शिकवते, खोड जात नाही. ज्वालामुखीतला गंधकाचा वायू ढगांच्याही खूप वर गेला आणि तिथे त्याचे आम्लाचे बारीक थेंब झाले. जुन्या फ्रीजांतून, फवाऱ्यांतून आपण सोडलेलं क्लोरीन तिथे बरंचसं निपचित पडून होतं. त्या थेंबांवर ते जागं होतं आणि उन्हातले भाजणारे किरण अडवणारा ओझोन खात सुटतं. थंडीत जास्तच.

हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, आणि तरी आम्हीच फसलो. स्फोटानंतरच्या पहिल्याच फुग्याने ओझोन फार कमी दाखवला. पण गंधकाच्या वायूत आमचं यंत्रही चुकून कमीच दाखवतं. साहेब म्हणाले, "यंत्र गंडलंय, ओझोन आहे जागेवर." मीही मान डोलावली आणि आम्ही निवांत चहा प्यायलो. पुढे तो वायू संपला, सगळ्याचे थेंब झाले, यंत्राला फसवायला वर काही उरलं नाही. आकडा मात्र वर येईना. यंत्र बदललं, फुगा बदलला. वसंताचं ऊन पडायला लागलं तसा आकडा आणखी घसरला. गेल्या आठवड्यात साहेब संगणकासमोर बसून तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासत राहिले. फुगेवाल्याला एरवी गप्प बसवावं लागतं, तो हळूच म्हणाला, "ताई, माझी पोरं शाळेतून चालत येतात हो." टोपी घाल, अंग झाक, असं मी त्याला सांगितलं. त्याच्या पोरांना तेवढं पुरेल. मला मात्र डोळ्यांसमोर एकच पोर दिसत होती.

काल मी ऑफिसातलं ते भाजणारे किरण मोजायचं छोटं मीटर घरी आणलं. ती बाहेर यायची ठरलेली वेळ धरली आणि ते झोपाळ्यावर, तिच्या बसायच्या जागी ठेवलं. ऊन कसं होतं म्हणून सांगू! दुधट, थंड, अंगाला लागतसुद्धा नव्हतं. कुठल्याही आईने बिनधास्त लेकराला सोडावं असं. आकडा तुमच्याकडच्या भर उन्हाळ्यातला आला. मला खोटा वाटला, म्हणून दुसरं मीटर आणलं. तोच आला. कमी आकडा आला तेव्हा यंत्राला नावं ठेवून मोकळी झाले होते. या वेळी तसं करायची हिंमत झाली नाही.

तेव्हा बाळा, येऊ नका. तिकिटं रद्द कर. थेंब खाली बसायला वर्ष-दोन वर्षं लागतील, तोवर तिला इकडे फिरकू देऊ नकोस, मी फोनवर रडून विनवलं तरीही. आणि तिला ज्वालामुखीचं काही सांगू नकोस. आभाळाला ती आधीच पुरेशी घाबरते. आजीने नको म्हटलं, आजी लबाड आहे, असं सांग. रुसू दे, माझ्याशी बोलणं टाकू दे. रुसायला ती हवी आहे मला.

झोपाळा काढायला फुगेवाला आला होता. मी त्याला परत पाठवलं.

तुझीच,
फुगेवाली आई