उतरवलेल्या अंगठ्या

प्रिय ठमे,

किती वर्षांनी तुला या नावानं हाक मारते आहे. शाळेत मी तुला ठमा म्हणायचे आणि तू मला भित्री भागूबाई. पुढे माझं लग्न पुढाऱ्याशी झालं, तुझं ट्रकवाल्याशी, आणि तू चक्क मला ‘वहिनीसाहेब’ म्हणायला लागलीस. कानाला ते खटकायचं. पण ‘नको म्हणूस’ असं मी एकदाही म्हटलं नाही. मान कुणाला नको असतो!

हे सगळं समोर बसून सांगायला हवं होतं. त्यासाठी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलेही होते. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं ओळखलं आणि तुझ्या नवऱ्याचा विषय काढला. तो काय म्हणाला ते पुढे सांगते. ते ऐकलं आणि तशीच मागे फिरले. कागदाचं बरं असतं, त्याच्यापुढे मान खाली घालूनच बसायचं असतं.

आमच्या साहेबांची ख्याती तुला ठाऊक आहेच. कुणी गेलं की पहिली गाडी ह्यांची. लोक थट्टेनं म्हणतात, पुढे यमाचा रेडा, मागे साहेबांची गाडी. त्यामागची तयारी मात्र फक्त मला माहीत. दुःखाच्या घरी जायचं असलं की आधी सोन्याचं घड्याळ निघतं, मग अंगठ्या. सगळं माझ्या तळहातावर ठेवतात, मी पर्समध्ये टाकते. मग झिजलेल्या चपला पायांत येतात. ‘रडणाऱ्या माणसाचं लक्ष पहिलं हाताकडे जातं,’ असं ह्यांचं म्हणणं. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर हसणं सोडलं आणि पर्स तेवढी मोठी घेतली.

शेठ आमच्याकडे यायचे ते मागच्या दारानं. त्यांचा माल कुठून येतो, पोलीस त्यांच्याकडे पाठ का फिरवतात, निवडणुकीत फुकट राबणारी माणसं कोण पाठवतं, मी काही विचारलं नाही. वरचा मजला चढला, लेक परदेशात शिकली, माझे गुडघे मोठ्या इस्पितळात बदलून झाले. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, तशी मी जागले. एकदा जेवताना तुझ्या नवऱ्याचं नाव निघालं. ट्रकवाल्यांच्या संघटनेच्या एकाही ट्रकमध्ये शेठचा माल चढणार नाही, असं त्यानं भर सभेत सांगितलं होतं. शेठ हसत म्हणाले, ‘माणूस सरळ आहे हो, पण रोजचा रस्ता वळणांचा आहे त्याचा.’ ह्यांनी मान डोलावली. आणि मी काय विचारलं असेल? ‘भात आणखी वाढू का?’

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी हे म्हणाले, ‘चल, तुझ्या मैत्रिणीकडे जाऊन येऊ.’ मी हरखलेच. तू कधीचं मागत होतीस ते गुलाबाचं रोप घेतलं. निघताना ह्यांनी घड्याळ काढलं, अंगठ्या काढल्या, माझ्या हातात ठेवल्या. ‘वाटेत कुणाकडे जायचं आहे का?’ मी विचारलं. हे झिजलेल्या चपलांत पाय सरकवत होते.

तू पिठाच्या हातांनी दार उघडलंस, हसत. ‘अगंबाई, आज सूर्य कुठून उगवला?’ हे मान खाली घालून दारात उभे होते, डोळे भरलेले. तुझं हसू बघितलं आणि ह्यांनी डोळे पुसले. ‘धूळ फार आहे हो तुमच्या रस्त्याला,’ म्हणाले. तू रोपाकडे बघत होतीस. मी ह्यांच्याकडे बघत होते. तो चेहरा बदलताना मी पाहिला, ठमे. तरीही मी बसून तुझा चहा प्यायले. ह्यांच्या कपात साखर घालायची नाही, हे तुझ्या लक्षात होतं. मग तू मोबाइल उचललास. ‘ह्यांना सांगते साहेब आलेत, उड्या मारत परत येतील!’ हे म्हणाले, ‘राहू द्या, गाडी चालवत असतील.’ आणि मीही म्हणाले, ‘हो गं, चालवताना कशाला फोन.’ ह्यांच्या वाक्याला वाक्य जोडायची जन्माची सवय. तू मोबाइल खाली ठेवलास.

दुसऱ्यांदा चहा विचारत होतीस, तेव्हा तो वाजला. घाटात वळणावर मागून कुणीतरी धडक दिली, गाडी दरीत गेली. तुला सावरायला पहिले हात ह्यांचेच होते, बिनअंगठ्यांचे. तेव्हापासून येईल त्याला तू सांगतेस, बातमी आली तेव्हा साहेब देवासारखे घरात हजर होते. तू असं म्हणालीस की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आता तो पंक्चरवाला काय म्हणाला ते. ‘ताई, त्या दिवशी नाक्यावर दादांचं चाक मीच बदललं. नट गंजले होते, तास मोडला. नाहीतर ते केव्हाच घाट उतरले असते.’ त्याला वाटत होतं, उशीर झाला म्हणून दादा गेले. त्या बिचाऱ्याला काय सांगणार, की उशीर दादांना झाला आणि चूक माझ्या नवऱ्याची झाली? हे मात्र ठरल्या वेळेला सांत्वनाला पोचले होते.

हे पत्र मी थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. घर सोडलं. काल तपास करणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं, शेठचं, अंगठ्यांचं, माझ्या त्या वाक्याचंही. त्या म्हणाल्या, रागावून निघालेल्या बायकोच्या एकटीच्या शब्दानं साहेबांच्या केसालाही धक्का लागायचा नाही. रविवारी संघटनेच्या सभागृहाला तुझ्या नवऱ्याचं नाव देणार आहेत, आणि ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवरून तुला तेच देवाचं भाषण करायचं आहे. त्याआधी त्या बाई तुझ्याकडे येतील. एकच विचारतील, आधी फोन आला, की आधी आम्ही आलो? जे झालं तेच सांग. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. तू मोबाइल उचलला होतास आणि मी तो खाली ठेवायला लावला, तेव्हा तो जिवंत होता गं.

म्हणायची लाज वाटते, तरी तुझीच,
भागूबाई