हौदाची वही

बाबा, उद्या सकाळी अकरा वाजता तुमची हौदाची वही मला प्रदूषण खात्याच्या बाईंच्या हातात द्यायची आहे. म्हणून लिहायला बसले. एरवी बसले नसते. गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणं हा मला आजवर वेळेचा अपव्यय वाटत आला, आणि अजूनही वाटतो. पण वही देण्याआधी एकदा तुमच्याशी बोलायला हवं.

झालं ते असं. मागच्या आठवड्यात गावामागच्या तळ्याच्या, आपल्या बोडीच्या, पाळीवर एक सारस मरून पडला. जोडीतला एक. दुसरा चार दिवस तिथेच उभा होता. माणूस जवळ गेला की दोन पावलं सरकायचा आणि पुन्हा येऊन उभा राहायचा. वनखात्याची माणसं मेलेला पक्षी तपासायला घेऊन गेली. तो कशाने मेला हे अजून कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे मीही सांगणार नाही. पण सारसामुळे साहेब लोकांचे बूट आपल्या बोडीच्या चिखलात गेले आणि तिथला वास त्यांच्या नाकात गेला. तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांच्या पोटऱ्यांना खाज सुटते, वाळत घातलेल्या कपड्यांवर राईस मिलची काळी राख बसते, वहिनीला जिना चढायला नको, नुसतं अंगण झाडलं तरी श्वासाचा पंप ओढावा लागतो. या गोष्टींसाठी गावाने दोन वेळा अर्ज केला, तेव्हा कोणी आलं नव्हतं.

मिलचं म्हणणं एकच आहे. आमचं पाणी बोडीत कधी गेलंच नाही. मिलपासून बोडीपर्यंतचा पाट पावसाच्या पाण्याचा. पाणी नासलं ते शेतकऱ्यांच्या फवारणीने. पाट कोणी खणला आणि कशासाठी खणला, हे सांगायला ती खणणारी माणसं उरली नाहीत. बोडीत मासे धरणारा एक म्हातारा ढिवर आहे, त्याला ऐकू येत नाही. उरली तुमची वही.

ती वहिनीला सापडली, तुमच्या लोखंडी पेटीत, आईच्या लुगड्याखाली. तिने ती भावाला न दाखवता थेट मला फोन केला. मी गेले, तर भाऊ दारातच उभा. "बाबाचं नाव कायले चव्हाट्यावर आणून राहिली, ताई? लोक अजून म्हणतात, तुह्या बापानं बोडीत पाणी आणलं. उद्या म्हणतील, बोडी तुह्या बापानंच मारली." वहिनी ओसरीवर भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नाव तुमच्या घरचं हाये, अन् दम माझा जाऊन राहिला. आता तुमीच ठरवा, काय ठेवाचं ते." भाऊ चपला घालून शेताकडे निघून गेला. दोरीवर त्याचा पांढरा सदरा वाळत होता, त्यावर काळे ठिपके. वहिनीने तो झटकला, आणि झटकताना तोंडाला पदर लावला.

खात्याच्या बाई दुसऱ्या भागातल्या आहेत. उसना, म्हणजे उकडा तांदूळ कसा होतो ते त्यांना सांगावं लागलं: धान हौदात गरम पाण्यात भिजत घालायचं, वाफ द्यायची, वाळवायचं आणि मग भरडायचं. भिजवलेलं पाणी पिवळं, आंबूस होऊन निघतं, ते कुठेतरी सोडावंच लागतं. भट्टीत धानाचंच तूस जाळतात, त्याची राख गावभर. त्यांनी नीट लिहून घेतलं आणि विचारलं, "पण गावाने ते पाणी तळ्यात येऊच कसं दिलं? कोणाला कळलं नाही?"

मला राग आला. त्यांच्यावर नाही. कळलं नव्हतं, हे खरं उत्तर होतं, आणि ते त्यांना कसं समजवायचं ते मला सुचेना. आपल्याकडे भाताची पेज कोणी मोरीत ओतत नाही. उरलेली पेज गायीच्या बादलीत जाते. हौदातलं पाणी म्हणजे मोठ्या भांड्यातली पेज, असंच तुम्हा सगळ्यांना वाटलं.

मी तेव्हा शाळेत होते. तुम्ही हौदावरचे मुकादम. संध्याकाळी ढिवरांच्या आळीत चिंचेखाली बसला आहात, मी तुम्हाला जेवायला बोलवायला आले आहे, आणि तुम्ही उठत नाही. "गायीले पेज पाजतो त ते दूध देते. मासोळीले पाजून पाहा न एकडाव."

"मासोळी दूध देईन का, मुकादम?" एकजण विचारतो.

"वजन देईन रे, वजन!"

सगळे हसतात. दोन दिवसांत फावडी घेऊन अर्धं गाव पाट खणतं. मिलच्या सेठची परवानगी तुम्हीच काढली. त्याला तर आयतं हवंच होतं. पाटाच्या तोंडाशी तुम्ही नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा बोडीत टाकला. पहिली दोन वर्षं तुमचंच म्हणणं खरं ठरलं. उन्हाळ्यातही बोडी भरलेली, मरळ हातभर लांब, शिंगाड्याचे वेल दाट. ढिवर पहिली मासोळी आपल्या घरी आणून देत. सारसाची जोडी काठच्या चिखलातले गवताचे कांदे उकरायला येई, आणि तुम्ही मला हात धरून थांबवायचे, "हालू नको, खाऊ दे त्यायले."

काल मिलचा मॅनेजर गोंदियाला माझ्या घरी आला होता. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढा. "मॅडम, आप तो पढी-लिखी हैं. वो कॉपी जरूर दीजिए. लेकिन पहले खुद देख लीजिए. हर पन्ने पे गेट खोलनेवाला कौन है? सेठजी का तो कहीं नाम ही नहीं." मी म्हटलं, "म्हणजे हौदाचं गेट उघडायचं, आणि पाणी बोडीत जायचं." तो चहा न घेताच उठला. मी चहा विचारलाही नव्हता. पण तो गेल्यावर मी वही उघडली, कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

मिलचं रजिस्टर ऑफिसात असायचं. ही तुमची स्वतःची वही. एकदा धान आंबलं आणि मुनीमाने ते तुमच्या माथी मारलं, तेव्हापासून हौद कधी भरला, कधी सोडला, हे तुम्ही स्वतः लिहून ठेवू लागलात. अक्षर चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं, ओळ सोडून खाली उतरणारं. पण समासात तुम्ही जे लिहिलं आहे ते मला माहीतच नव्हतं. "सारस दोन आले." "मरळ तोंड वर काढते." "पाण्याले वास." "मुनीमले सांगितलं, हो म्हणे." पुढे दहाबारा पानांनी पुन्हा, "मुनीमले सांगितलं." मग "सारस नाही." शेवटच्या पानांवर "खोकला" हा शब्द इतक्या वेळा आहे की मी मोजायचं सोडलं.

बाबा, तुम्ही बिडी ओढत नव्हता. तरी तुम्ही गेलात तेव्हा डॉक्टरांनी बिडीवर बोट ठेवलं आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी तुमच्यावर रागावलेले होते. तुम्हाला सगळं दिसत होतं आणि नोकरीपायी तुम्ही गप्प बसलात, असं मी धरून चालले होते. लोकांना सांगितलंही तसंच. भावाला, नवऱ्याला, शाळेतल्या बायकांना. मी ठामपणे सांगते तेव्हा सहसा कोणी उलट विचारत नाही.

आता त्या उन्हाळ्याबद्दल. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष संपलं होतं. वाफेने तुमचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, म्हणून तीन आठवडे वही मी लिहिली. तुम्ही मिलमधून येता, पाय धुता, खाटेवर बसता आणि सांगता, मी लिहिते. एक दिवस तुम्ही पाय न धुताच बसलात.

"लिही. बोडीत मासोळ्या उलट्या पडल्या. साऱ्या. पाणी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी म्हटलं, "बाबा, वहीत वेळ लिहायची असते. गोष्टी नाही."

"गोष्ट नाई वो. मी पाहून आलो न. पांढरी झाली बोडी."

"उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मासे मरतातच. सगळीकडे मरतात."

"मंग मागच्या उन्हाळ्यात काऊन नाई मेले?"

धडा मला पाठ होता, तुमचा प्रश्न धड्यात नव्हता. प्राणवायू कशाने कमी झाला, हे विचारायचं मला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि नको वाटलं. मला ती वही मिटवायची होती. मिलचा वास अंगाला येतो असं वसतिगृहात एकीने म्हटलं होतं, आणि त्या घरातलं काहीच मला त्या दिवसांत जवळ घ्यायचं नव्हतं. मी लिहिलं, "हौद दोन. पाणी सोडले." आणि वही मिटली. तुम्ही भाजलेला हात मांडीवर घेतलात. मग म्हणालात, "तू शिकली हायेस. तुले समजत असन." चार दिवसांनी तुम्ही पुन्हा गेट उघडलं. मुनीमाला तुम्ही पहिल्यांदा सांगितलं ते त्यानंतर दोन महिन्यांनी, हात बरा झाल्यावर, स्वतःच्या अक्षरात.

पुढे मी तीसेक वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं. डोळ्यांना दिसलेलं सोडून पुस्तकातलं उत्तर प्रयोगवहीत उतरवणाऱ्या मुलीला मी वर्गात उभं करायचे. कडक म्हणून माझं नाव होतं. ते ऐकायला मला आवडायचं.

जबाबाचा कागद मी आज दुपारी तयार केला आहे. त्यात लिहिलं आहे, वही वडिलांची, नोंदी वडिलांनी ठेवलेल्या. ते खोटं नाही. एवढं लिहून थांबते. पुढचं उद्या, काम झाल्यावर.

काम झालं. तहसील कचेरीतल्या एका खोलीत खात्याच्या बाई बसल्या होत्या. भाऊ येणार नाही असं म्हणाला होता, पण आला, आणि बाकावर माझ्यापासून हातभर लांब बसला. बाईंनी पानं एकेक करून पाहिली. "सगळं हस्ताक्षर त्यांचंच ना?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी पुढची पानं उलटली आणि थांबल्या. "इथलं अक्षर फार सुबक आहे. तब्येत बरी असेल त्यांची त्या वेळी." त्या स्वतःच असं म्हणाल्या आणि शिक्क्याकडे हात नेला. मला आता काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं बसून राहिलं की झालं.

"ते माझं अक्षर आहे," मी म्हटलं. "जबाब परत द्या. एक ओळ राहिली."

भाऊ बाकावरून पुढे सरकला. "राहू दे न, ताई. बाबाचं झालं, आता तुझं बी कायले?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, नीट विचार करा. हे लिहिलंत तर मिलचा वकील म्हणेल, वहीच तुम्ही लिहिली. आख्खा पुरावा कच्चा पडेल."

"पडू शकतो," मी म्हटलं. "पण या तीन आठवड्यांत नुसत्या वेळा आहेत आणि त्याच्या आधी-नंतर समास भरलेला आहे, हे त्या वकिलालाही दिसेल. तो विचारेल तेव्हा मी काय सांगू? अक्षर बरं होतं म्हणून?"

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "जसं झालं तसं लिहा." भाऊ उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि मी लिहीत होते ते वाचू लागला. वाचून झाल्यावर बाहेर गेला, पण गाडी चालू झाल्याचा आवाज आला नाही. मी निघाले तेव्हा तो फाटकाशी माझी वाट पाहत होता.

पहिल्यांदा मी हो म्हटलं होतं, हे त्या कागदावर कुठे नाही. ते फक्त इथे आहे, आणि हे पत्र मी कोणाला देणार नाही.

जमा केलं ते असं: हाताने शिवलेली वही एक, मागचा पुठ्ठा नाही. बोडीच्या पाण्याच्या बाटल्या दोन, एक पाटाच्या तोंडाशी भरलेली, एक पाळीजवळ, दोन्हींवर माझ्या सहीच्या चिठ्ठ्या. वहिनीच्या दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स, तिच्या संमतीने. माझा जबाब, पानं दोन. दुसऱ्या पानावर पेनने वाढवलेला मजकूर, त्याखाली वेगळी सही: "उन्हाळ्यातल्या तीन आठवड्यांच्या नोंदी माझ्या हातच्या आहेत. पाणी सोडल्यावर मासे मेल्याचे वडिलांनी लिहायला सांगितले होते. मी लिहिले नाही."